देशाचा कणा आणि माणसाची पाठ

आमच्या अंजनगाव सुर्जीत भाषणांना तोटा नाही. मध्यंतरी एका शेतकरी मेळाव्याला गेलो होतो. व्यासपीठावर सातजण होते आणि सातांपैकी पाचजणांनी एकच वाक्य म्हटलं, ‘शेतकरी हा देशाचा कणा आहे.’ सहाव्यांनी थोडा बदल केला. त्यांच्या मते शेतकरी हा अर्थव्यवस्थेचा कणा होता. सातवे अध्यक्ष. त्यांनी वेळेअभावी सगळ्यांशी सहमती दर्शवली आणि आभारप्रदर्शनाला वाट करून दिली.

मी दुसऱ्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, सदऱ्याच्या आतून कमरेला पट्टा आवळून बसलो होतो. वक्त्यांनी ‘कणा’ म्हटलं की माझा कणा एक कळ देऊन ‘हजर’ म्हणत होता. त्याच वेळी मंडपाच्या मागच्या रस्त्यानं निंदणाहून परतणाऱ्या बाया चालल्या होत्या. डोक्यावर गवताचा भारा, त्यात खोचलेलं खुरपं. त्यातली एक जण थांबली, भारा खाली टाकला, दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे झुकली, क्षणभर तशीच उभी राहिली आणि पुन्हा चालू लागली. व्यासपीठावरून ज्या कण्याचा गौरव चालला होता तो असा मागच्या रस्त्यानं घरी निघाला होता. मेळाव्यात ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्या तरी का आलं? माझीही कंबर दुखत होती म्हणून. एरवी मीही टाळ्या वाजवणाऱ्यांतलाच.

माझं दुखणं तसं काही थोर नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात. म्हणजे दोन्ही धंदे बसण्याचेच. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका सकाळी नळ आला, भरलेली बादली मी वाकून उचलली आणि उचलता उचलताच कमरेतून वळलो. आत काहीतरी सरकल्यासारखं झालं. बादली तिथेच राहिली आणि मीही. संध्याकाळपर्यंत कळ कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूनं थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरली. आयुर्वेदात ह्या दुखण्याला ‘गृध्रसी’ म्हणतात. रोगी गिधाडासारखा लंगडत चालतो म्हणून. नाव किती नेमकं आहे, ते त्या आठवड्यात मला घरातल्या आरशानं सांगितलं.

अमरावतीच्या डॉक्टरांच्या टेबलावर कण्याचा एक प्लॅस्टिकचा नमुना होता. गृहस्थ शिक्षकी वृत्तीचे. तपासून झाल्यावर त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “इतकी वर्षं वापरताय, एकदा पाहून तर घ्या.”

खरंच पाहण्यासारखी वस्तू आहे ही. आपण तिला ‘कणा’ म्हणतो आणि डोळ्यांपुढे एखादी काठी आणतो, पण काठी नाहीच ती, ती माळ आहे. मणका म्हणजे मणीच. जन्मतः तेहतीस मणी असतात. मानेत सात, पाठीत बारा, कमरेत पाच, माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडात पाच आणि माकडहाडात साधारण चार. शेवटचे नऊ पुढे आपापसांत जुळून त्यांची दोन हाडं होतात. मोठ्या माणसाच्या कण्यात अशी सव्वीस हाडं उरतात आणि त्यांतली चोवीस हलती असतात. गंमत म्हणजे जिराफाच्या मानेतही मणके सातच. त्याचे लांब, आपले आखूड, एवढाच फरक.

प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूला एक कडी असते. मणके एकावर एक बसले की ह्या कड्यांचं एक भुयार तयार होतं आणि त्यातून मेंदूची शेपटी, म्हणजे मज्जारज्जू, खाली उतरतो. वाटेत त्याच्यातून मज्जातंतूंच्या एकतीस जोड्या फुटतात, हातापायांना जातात, मूत्राशयाला जातात. मज्जारज्जू स्वतः कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. तिथून खाली नुसता तंतूंचा झुपका लोंबत असतो. त्याला ‘अश्वपुच्छ’ असं साजरं नाव आहे. म्हणजे कणा एकाच वेळी तीन कामं करतो. अंगाचा भार पेलतो, अंग वळू-वाकू देतो आणि आतल्या तारा सांभाळतो. घराचा खांब, दाराची बिजागरी आणि विजेची नळी ही तिन्ही कामं एकाच वस्तूवर सोपवण्याची हिंमत कुठल्या कंत्राटदाराला होईल?

आणि हा खांब सरळ नाही. लहानपणी आम्हाला गुरुजी पाठीवर पट्टी लावून ‘ताठ बस’ म्हणायचे. पण समोरून सरळ दिसणारा हा कणा बाजूनं पाहिला तर त्याला चार बाक आहेत. मूल जन्मतं तेव्हा त्याची पाठ धनुष्यासारखी एकाच बाकाची असते. तीन-चार महिन्यांचं झालं, मान धरू लागलं की मानेचा आतला बाक येतो. उभं राहून पावलं टाकू लागलं की कमरेचा. आपण कौतुकानं ‘बाळानं मान धरली’ म्हणतो, तेव्हा आत केवढं बांधकाम चाललेलं असतं! हे बाक स्प्रिंगसारखं काम करतात, चालताना बसणारे हिसके डोक्यापर्यंत पोचू देत नाहीत. अगदी सरळ कणा हा आजारी कणा असतो.

दोन मणक्यांच्या मध्ये एकेक गादी असते. अशा तेवीस गाद्या. बाहेरून कांद्याच्या पापुद्र्यांसारखी चिवट कडी, आत पाणीदार, चिकट गर. मोठ्या माणसाच्या ह्या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. दाबली की ओल बाहेर, सैल सोडली की ओल आत, अशी ती स्पंजासारखी जगते. दिवसभर उभ्या अंगाचा भार पडून ती थोडी चपटी होते, त्यामुळे रात्री झोपताना आपण सकाळपेक्षा एखाद-दोन सेंटिमीटर बुटके असतो. रात्री पाठ टेकली की गाद्या पुन्हा ओल धरतात. अवकाशात भारच नसतो, म्हणून अंतराळवीरांची उंची तिथे पाच सेंटिमीटरपर्यंत वाढते. ‘जरा पाठ टेकतो’ हे शब्द आपण आळसाचे समजतो. गादीच्या दृष्टीनं ती जेवणाची वेळ असते.

नाकेमसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला. उताणं पडलं की तो सगळ्यांत कमी, उभं राहिलं की वाढतो, आणि पुढे वाकून ओझं उचललं की कितीतरी पट होतो. कारण साधं आहे. पाठीचे स्नायू कण्याच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर आणि पुढे वाकलेलं धड, हात, ओझं हे सगळं त्याच्या सात-आठ पट अंतरावर. तराजूची एक दांडी आखूड आणि दुसरी लांब. मग आखूड बाजूनं तोल सांभाळायला स्नायूंना किती जोर लावावा लागेल आणि मधल्या गादीचा किती चुराडा होईल, ह्याचा हिशोब माझ्यासारख्या बँकेतल्या माणसालाही जमतो. त्यातच कंबर वळवली की कडेचे पापुद्रे ताणतात. एखाद्या दिवशी चीर पडून गर बाहेर डोकावतो आणि शेजारच्या तंतूला डिवचतो. गादीच्या ह्या फाटण्यानं पायात कळ येते, हे अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार ह्या डॉक्टरांनी १९३४ साली मांडलं. माझी बादली ती नेमकी ही.

मी विचारलं, “आता ऑपरेशन?” डॉक्टर हसले. सरकलेल्या गादीचं बहुतेक दुखणं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप ओसरतं, बाहेर आलेला गरही पुष्कळदा आक्रसून जातो. महिनाभर पलंगावर पडून राहण्याचा जुना सल्ला आता मोडीत निघाला आहे. एक-दोन दिवसांपेक्षा जास्त पडू नका, सोसेल तेवढं चाला, स्नायू कामाला लावा, पट्टा कायमचा लावून बसू नका. एम.आर.आय.च्या कागदानं घाबरू नका, कारण मुळीच दुखत नसलेल्या माणसांची छायाचित्रं काढली तरी विशीतल्या शंभरांपैकी सदतीसजणांच्या आणि ऐंशीतल्या शहाण्णवजणांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात. केस पिकावेत तशी ती गोष्ट आहे. मात्र पायातली ताकद गेली, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर तासाभराचाही वेळ न दवडता इस्पितळ गाठायचं. ताप, घटतं वजन आणि रात्री वाढणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षय नाही ना, हे पाहायचं. ते दुखणं आपल्याकडे अजून गेलेलं नाही आणि वेळेवर औषध घेतलं तर ते बरं होतं. ही चार वाक्यं मी घरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली आहेत. वाचकांनीही ठेवावीत.

निघताना शेवटची सूचना मिळाली, “आणि हो, वाकू नका.”

हीच सूचना मी घरी आल्यावर मोठ्या रुबाबात सांगत होतो. आमच्या चार एकरांत निंदणाला येणाऱ्या मावशी ओट्यावर बसल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, म्हणजे माझ्याच वयाच्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “साहेब, तुमचं बसून दुखते, आमचं वाकून दुखते. तुमाले डाक्टरनं सांगतलं वाकू नका, तुम्ही नाई वाकनार. मले सांगतलं तर मी काय करू?”

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं दोन वर्षं उशिरा दिलेलं, अर्धंमुर्धं उत्तर आहे.

आपल्या भाषेत एक म्हण आहे, ‘पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका.’ आपण ती गरिबाच्या शहाणपणाची म्हणून वापरतो. पण तिचा अर्थ नीट पाहिला तर अंगावर काटा येतो. तो एक सौदा आहे. पोटाच्या बदल्यात पाठ गहाण. वऱ्हाडातली शेती ह्याच तारणावर उभी आहे. पऱ्हाटीचं निंदण वाकून, सोयाबीनची सोंगणी वाकून, कापसाची वेचणी कमरेला ओटी बांधून वाकून. एकेक बाई एकेक पात धरते आणि सकाळपासून सांजेपर्यंत धड जमिनीला समांतर ठेवून पुढे सरकते. खुरप्याची मूठ वीतभर, म्हणून बाईची पाठ जमिनीशी. मूठ दोन हात लांब असती तर पाठ तेवढी वर आली असती.

तारण हा शब्द माझ्या नोकरीतला. १९८० च्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून आम्ही गावोगाव म्हशी, गायी, बैलजोड्या यांसाठी कर्जं दिली. जनावराची तपासणी होई, पशुवैद्याचा दाखला लागे, विमा उतरवला जाई, कानात बिल्ला ठोकला जाई. वय किती, दात किती, पाय कसे, सगळं कागदावर. पुढच्या काळात विहिरी आल्या, पंप आले, ट्रॅक्टर आले. एवढ्या वर्षांत हजारो अर्जांवर मी सही केली. त्या शेतांत प्रत्यक्ष वाकणाऱ्या बाईच्या पाठीसाठी एकाही अर्जात रकाना नव्हता, आणि तो असावा असं मलाही एकदाही सुचलं नाही. खुर्चीत बसून सुचलं नाही. बादलीजवळ सुचलं.

बैलाची तर गोष्टच सोडा. ओझ्याच्या जनावरांना क्रूरतेनं वागवू नये म्हणून आपल्याकडे १९६५ साली नियम झाले. जनावराला दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, विसाव्याशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, पारा ३७ अंशांच्या वर जात असेल अशा भागात दुपारी बारा ते तीन अजिबात नाही. वऱ्हाडात हे नियम किती पाळले जातात हा प्रश्न वेगळा. पण निदान कागदावर बैलाला विसावा आहे. त्याच शेतात मे महिन्यात वखरणीनंतर काडीकचरा वेचणाऱ्या बाईच्या पाठीला कागदावर तरी काय आहे?

‘त्यांना सवय असते’ हे आपलं ठरलेलं उत्तर. कॅलिफोर्नियातले बागायतदारही हेच म्हणत होते. तिथे सॅलडच्या पाल्याची आणि साखरबीटाची विरळणी मेक्सिकन मजूर आखूड दांड्याच्या कुदळीनं करत. ही कुदळ एवढी तोकडी की कमरेतून दुमडल्याशिवाय वापरताच येत नसे. पुढे शेतमजुरांचे नेते झालेले सीझर चावेझ ह्यांनी तरुणपणी ती चालवली होती आणि पाठदुखी जन्मभर भोगली. मजुरांच्या वतीनं वकील उभे राहिले, डॉक्टरांनी साक्षी दिल्या. लांब दांड्यानं काम नीट होणार नाही, पीक खराब होईल, असं मालकांचं म्हणणं होतं. अखेर १९७५ साली त्या राज्यात आखूड कुदळीवर बंदी आली. लांब दांडे आले आणि सॅलडची शेती काही बुडाली नाही. मजुरांची पाठ वर आली ती भाषणानं नव्हे, हातभर लाकडानं.

सवयीच्या जोडीला आपण आणखी एक ढाल पुढे करतो, ती म्हणजे मनाच्या बळाची. बाबा आमट्यांचं उदाहरण आपल्या विदर्भातलंच आहे. मणक्यांच्या विकारामुळे त्यांना कित्येक वर्षं बसता येत नव्हतं. एकतर उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. तशा पाठीनं ते १९८५ साली, सत्तरी ओलांडल्यावर, ‘भारत जोडो’ म्हणत कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. प्रवास झाला तो वाहनातल्या बिछान्यावर पडून. हाडांचा कणा खचला तरी माणूस ताठ राहू शकतो, ह्याला आणखी पुरावा नको. पण एका माणसानं स्वखुशीनं जे सोसलं, त्याची अपेक्षा पोटासाठी राबणाऱ्या प्रत्येकाकडून धरायची, ह्याला आदर म्हणत नाहीत. तो आपल्या सोयीचा हिशोब झाला.

आणि ही गोष्ट लहानसहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२० साली जगात एकसष्ट कोटी नव्वद लाख माणसं कंबरदुखीनं बेजार होती. माणसांना कामातून उठवणाऱ्या दुखण्यांत तिचा पहिला नंबर. ह्या आकड्यात मी आहे, कारण मी डॉक्टरांकडे गेलो. मावशी असतील की नाही, कोण जाणे. त्यांच्या गावी पाठदुखीला आजार म्हणतच नाहीत. वय म्हणतात.

मग करायचं काय? मोठ्या योजना सरकारवर सोडा. थोडं घरापासून पाहू. आपल्या घरातली झाडणी घ्या. केरसुणी म्हणा, फडा म्हणा, हातभर लांबीची ती वस्तू म्हणजे घरातली आखूड कुदळच. घरची सून असो की कामाला येणाऱ्या बाई, रोज सगळं घर कमरेत दुमडून झाडतात आणि आपण सोफ्यावर पाय वर घेऊन त्यांना ‘जागा’ देतो. लांब दांड्याच्या झाडूला फार पैसे पडत नाहीत. आपल्या घराचा ओटा कुणाच्या उंचीनं बांधला, हेही एकदा विचारून पाहावं. बाजार समितीत एकेकाळी शंभर किलोचं पोतं एका पाठीवर चढायचं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ सालीच पंचावन्न किलोंची मर्यादा सुचवली होती. सिमेंटची गोणी आज पन्नासाची आहे. म्हणजे ओझं कमी करता येतं. तरीही कुठे शंभराचं पोतं दिसलं तर ते भरणाऱ्याला हटकायला हरकत काय?

इतिहासाच्या पुस्तकांत आमच्या गावाचं नाव एकदाच येतं. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह इथे झाला. म्हणजे वाकल्याबद्दलच आम्ही प्रसिद्ध. दुसऱ्या एखाद्या कारणासाठी नाव व्हायला हरकत नसावी, असं मनाशी म्हणत मागच्या खरिपात मी लोहाराकडे गेलो आणि खुरप्याच्या पात्याला बांबूचा लांब दांडा लावून चार हत्यारं करून घेतली. मोठ्या उत्साहानं ती मावशींच्या हाती दिली.

पहिल्या दिवशी बायांनी ती बांधावर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी हसून हसून वापरून पाहिली. आठवड्यानं मी निकाल विचारला. मावशी म्हणाल्या, “तासात चालते, साहेब. झाडापाशी नाई चालत. तिथं वाकाच लागते.”

म्हणजे निम्मंच जमलं. माझ्यातल्या कादंबरीकाराला शेवट पुरा हवा होता. पण बँकेतला जुना माणूस म्हणाला, निम्मी वसुली ही वाईट वसुली नव्हे. दांडा कोणत्या कोनात बसवावा म्हणजे झाडापाशीही चालेल, हे मला सांगता येणार नाही. ते मावशी आणि लोहारच एकत्र बसून ठरवू शकतील. तशी त्यांची गाठ मी घालून दिली आहे.

परवा सांजेला धुऱ्यावर उभा होतो. पात संपली. बाया एकेक करून उठल्या. मावशींनी दोन्ही हात कमरेवर ठेवले, मागे झुकल्या आणि उत्तरेला सातपुड्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मला पाहून म्हणाल्या, “पट्टा सुटला काय तुमचा?”

मी म्हटलं, “सुटला, मावशी.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि भारा उचलायला वाकल्या. ह्या वेळी मी पुढे होऊन, गुडघे मोडून, भाऱ्याची दुसरी बाजू धरली.